ट्रेसएफएसमध्ये नवीन इव्हेंट फाइल घालणारा पॅच: फाइलीची स्थिती सांभाळणारा भाग तपासताना काय बघावं?

निरगाठ

लिनक्स कर्नल ६.१२ च्या एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखेवर आमचे काही स्वतःचे पॅच असतात. त्यात एफट्रेससाठी (कर्नलमध्ये काय घडतंय ते नोंदवणारी यंत्रणा; तिच्या फाइली ट्रेसएफएसमध्ये दिसतात) एक नवीन पॅच रिव्ह्यूला आलाय. ट्रेसिंगच्या आतल्या कोडमध्ये माझा वावर कमी, म्हणून इथे विचारतोय.

पॅच प्रत्येक इव्हेंटच्या (नोंदवता येणाऱ्या घटनेच्या) डिरेक्टरीत इनेबल, फिल्टर, ट्रिगर, फॉरमॅट यांच्या शेजारी 'हिट्स' नावाची फाइल घालतो. वाचली की पहिल्या ओळीत इव्हेंटचं नाव, मग प्रत्येक सीपीयूची एक ओळ: त्या इन्स्टन्समध्ये (ट्रेसिंगच्या स्वतंत्र संचात) इव्हेंट किती वेळा लागला. वाचून झालं की आकडे आपोआप शून्य. फाइलीत ० लिहिला तरी शून्य.

कोडमधले बदल असे:

ट्रेस_इव्हेंट_फाइल या स्ट्रक्चरमध्ये पर-सीपीयू काउंटरचा पॉइंटर. तो इव्हेंट_क्रिएट_डिर() मध्ये अलोकेट होतो आणि रिमूव्ह_इव्हेंट_फाइल_डिर() मध्ये, फिल्टर जिथे मोकळा होतो तिथेच, मोकळा होतो.

ओपनमध्ये एकच ओळ: सिंगल_ओपन() ला इनोडचा (कर्नलमधली फाइलीची नोंद) आय_प्रायव्हेट पॉइंटर दिलाय. रिलीज म्हणजे सिंगल_रिलीज(). शो फंक्शन तो पॉइंटर थेट ट्रेस_इव्हेंट_फाइल म्हणून वापरतं, छापतं आणि काउंटर पुसतं. राइटमध्ये आकडा वाचून थेट काउंटर पुसलेत.

इव्हेंट_म्युटेक्स, म्हणजे इव्हेंटमधले बदल राखणारं कुलूप, कुठेच घेतलेला नाही. विचारल्यावर लेखकाचं उत्तर: "फाइल उघडी असेपर्यंत इनोड जात नाही, मग आय_प्रायव्हेट कसा जाईल? शिवाय शेड्यूल_स्विचवर आणि सिस्टिम कॉलच्या इव्हेंटवर चालवून पाहिलंय, केसॅन (मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारं साधन) गप्प आहे."

यात अडवून धरण्यासारखं काय आहे आणि निव्वळ आवडीनिवडीचं काय?

कडीकोयंडा

अडवून धरा. लेखकाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घोटाळा उरलेल्या अर्ध्यात आहे.

तीन वस्तू वेगळ्या करून बघा. एक, व्हीएफएसचा (कर्नलमधला सगळ्या फाइल सिस्टिमचा सामाईक थर) इनोड आणि डेंट्री (फाइलीच्या नावाची नोंद). दोन, ट्रेस_इव्हेंट_फाइल हे स्ट्रक्चर. एका इन्स्टन्समध्ये एका इव्हेंटची स्थिती ते सांभाळतं: चालू आहे की बंद, फिल्टर कोणता, ट्रिगर कोणते. तीन, हे स्ट्रक्चर ज्यांच्याकडे बोट दाखवतं ते सगळं: इव्हेंट_कॉल, फिल्टर, टीआर म्हणजे इन्स्टन्स, आणि आता तुमचे काउंटर.

६.१२ मध्ये पहिली वस्तू आहे तोवर दुसरी टिकते, हे खरं. उघड्या फाइलीची डेंट्री इव्हेंटएफएसमधल्या (इव्हेंटच्या फाइली सांभाळणारा ट्रेसएफएसचा भाग) त्या डिरेक्टरीच्या नोडचा रेफरन्स ('अजून वापरात आहे' ही नोंद) धरून असते. तो नोड शेवटी जातो तेव्हा रिलीज कॉलबॅक चालतो आणि मगच ट्रेस_इव्हेंट_फाइलचा तो रेफरन्स सुटतो. पण ही सोय २०२४ मधली आहे. ६.६ मध्ये इव्हेंटएफएस आलं तेव्हा एवढंही नव्हतं. केप्रोब (कर्नलच्या एखाद्या फंक्शनवर हवा तेव्हा लावता-काढता येणारा इव्हेंट) बनवा, त्याची इनेबल फाइल शेलच्या डिस्क्रिप्टर ५ वर उघडी ठेवा, केप्रोब पुसा, डिस्क्रिप्टर बंद करा, की मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लागायचा. ट्रेसिंगचे मेंटेनर स्टीव्हन रोस्टेड यांनी २०२३ च्या शेवटी, ६.७ मध्ये, ट्रेस_इव्हेंट_फाइलला रेफरन्स काउंटर दिला तो याचसाठी. म्हणजे लेखकाचा युक्तिवाद त्या वेळच्या कोडवर साफ आपटला असता.

तिसऱ्या वस्तूंना मात्र असं कुठलंच कवच नाही. केप्रोब पुसल्यावर रिमूव्ह_इव्हेंट_फाइल_डिर() चालतं: स्ट्रक्चर यादीतून निघतं, फिल्टर मोकळा होतो, 'फ्रीड' फ्लॅग लागतो, यादीच्या नावाचा रेफरन्स सुटतो. मागोमाग इव्हेंट_कॉल धरून असलेली केप्रोबची मेमरीही जाते. उघड्या फाइलीमुळे स्ट्रक्चर शिल्लक राहतं, पण त्याच्या आतले पॉइंटर आता कुणाच्याच नसलेल्या जागेकडे बघत असतात.

२०२४ मधली फॉरमॅट फाइलीची चूक अगदी याच जातीची. एका इव्हेंटची फॉरमॅट सगळ्या इन्स्टन्समध्ये सारखीच, म्हणून तिचा आय_प्रायव्हेट ट्रेस_इव्हेंट_फाइलकडे न नेता सरळ इव्हेंट_कॉलकडे नेला होता. त्यामुळे इव्हेंट गेलाय हे त्या फाइलीला कळायला मार्गच नव्हता. एका कन्सोलवर यूझर_इव्हेंट्सची (प्रोग्रामने स्वतः बनवलेले इव्हेंट) एफट्रेस_टेस्ट ही चाचणी अखंड चालवायची, दुसऱ्यावर त्या इव्हेंटची फॉरमॅट फाइल अखंड वाचायची. केसॅन बोंब मारायचा. सुरक्षा त्रुटींच्या यादीतली सीव्हीई-२०२४-४३८९१ ती हीच. दुरुस्तीत आय_प्रायव्हेट पुन्हा ट्रेस_इव्हेंट_फाइलकडे वळवला आणि वाचण्याआधी इव्हेंट_म्युटेक्स घेऊन 'फ्रीड' फ्लॅग तपासला.

तुमच्या पॅचमध्ये पुसलेल्या केप्रोबची उघडी हिट्स फाइल वाचली तर दोन वेगळ्या गोष्टी घडतील. इव्हेंटचं नाव छापणारी ओळ मोकळ्या झालेल्या इव्हेंट_कॉलमध्ये जाते; ती केसॅन पकडेल. काउंटर वाचणारा भाग तो पकडणार नाही. पर-सीपीयू अलोकेटर मोकळ्या केलेल्या तुकड्याला केसॅनसाठी विष लावत नाही, त्यामुळे ती जागा दुसऱ्या कुणाला गेली तरी वाचन बिनबोभाट होतं. आणि हा पॅच नुसतं वाचत नाही, वाचून पुसतो. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी उपप्रणालीच्या पर-सीपीयू जागेत शून्य लिहिलं जाणार. अशी खराबी तीन आठवड्यांनी नेटवर्किंगच्या आकड्यांत दिसली तर ती या फाइलीपर्यंत कोण आणून भिडवणार?

लेखकाच्या चाचणीत हे दिसलं नाही कारण शेड्यूल_स्विच किंवा सिस्टिम कॉलचे इव्हेंट मुख्य इन्स्टन्समधून कधी जातच नाहीत. जाणारे इव्हेंट वेगळे: केप्रोब, यूप्रोब, ईप्रोब, सिंथेटिक, यूझर_इव्हेंट्स, मॉड्यूलबरोबर येणारे, आणि कुठल्याही इव्हेंटची इन्स्टन्समधली प्रत, कारण इन्स्टन्सची डिरेक्टरी पुसली की त्या सगळ्याच जातात.

उंबरठा

वरच्या उत्तरात का ते आलंय. कोडमध्ये नेमकं काय बदलायला सांगायचं ते मी लिहितो.

ओपन: स्वतःचं काही रचू नका, ट्रेसिंग_ओपन_फाइल_टीआर() बोलवा. ते आधी लॉकडाउन (कर्नलमधली माहिती बाहेर जाऊ न देणारा सुरक्षा मोड) तपासतं, इन्स्टन्स अजून यादीत आहे का बघून त्याचा रेफरन्स घेतं, मग इव्हेंट_म्युटेक्सखाली 'फ्रीड' फ्लॅग बघतं. फ्लॅग लागलेला असेल तर इन्स्टन्सचा रेफरन्स परत करून ईनोडेव्ह ('असं डिव्हाइस नाही' ही एरर), नाहीतर ट्रेस_इव्हेंट_फाइलचाही रेफरन्स. सध्याच्या पॅचमध्ये लॉकडाउनची तपासणीच नाही. कॉन्फिडेन्शियॅलिटी लॉकडाउन लावलेल्या मशीनवर बाकी फाइली नकार देतील आणि हिट्स खुशाल आकडे दाखवेल. निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा पॅच परत गेला असता.

त्यानंतर सिंगल_ओपन(). इथे एक खाच आहे. ट्रेसिंग_ओपन_फाइल_टीआर() हे फाइल पॉइंटरच्या प्रायव्हेट_डेटामध्ये स्ट्रक्चर भरून ठेवतं, आणि सिंगल_ओपन() च्या पोटातलं सीक_ओपन() तिथे आधीच काही दिसलं तर वॉर्निंग टाकतं. म्हणून मध्ये प्रायव्हेट_डेटा नल करायचा. हिस्ट फाइलीचं (इव्हेंटची मोजणी दाखवणारी फाइल) ओपन बघा, तिथे नेमकं हेच केलंय आणि वर कॉमेंटही आहे. शोला द्यायचा डेटा आय_प्रायव्हेट नको, फाइल पॉइंटर द्या. कारण पुढच्या परिच्छेदात.

सिंगल_ओपन() अपयशी ठरलं तर घेतलेले दोन्ही रेफरन्स तिथल्या तिथे सोडा. ओपनने एरर दिली की व्हीएफएस रिलीज बोलवत नाही. ही वाट मेमरी संपल्याशिवाय चालत नाही, म्हणून चाचणीत कधीच सापडत नाही. रिव्ह्यूत डोळ्यानेच बघावी लागते.

शो आणि राइट: पहिलं काम इव्हेंट_म्युटेक्स घेणं, दुसरं इव्हेंट_फाइल_फाइल() बोलवणं. ते इनोडमधून स्ट्रक्चर काढतं, 'फ्रीड' लागलेला असेल तर नल देतं, आणि म्युटेक्स हातात नसेल तर लॉकडेपकडून (कुलपांचा वापर तपासणारं साधन) ओरडा खातं. त्याला फाइल पॉइंटर लागतो, म्हणून सीक_फाइलच्या (शोचा मजकूर बफरमध्ये घेऊन वाचणाऱ्याला देणारी कर्नलची सोय) प्रायव्हेटमध्ये तोच ठेवायचा. नल आलं तर ईनोडेव्ह. त्याच्या शेजारी इव्हेंट_फाइल_डेटा() नावाचं जुनं फंक्शन आहे. ते काहीही न तपासता आय_प्रायव्हेट हातात देतं. आयडी फाइल ते वापरते आणि तिथे ते चालतं, कारण तिच्या आय_प्रायव्हेटमध्ये पॉइंटर नाही, नुसता इव्हेंटचा नंबर आहे. नावं सारखी असल्यामुळे कॉपी-पेस्टमध्ये चुकीचं येतं.

राइटमध्ये वापरकर्त्याकडून आकडा घेणं म्युटेक्सच्या बाहेर, स्ट्रक्चर काढणं आणि पुसणं आत. ० सोडून काही आलं तर ईइनव्हॅल (चुकीचं मूल्य); सध्याच्या पॅचमध्ये ४२ लिहिलं तरी काउंटर पुसले जातात.

रिलीज: ट्रेसिंग_सिंगल_रिलीज_फाइल_टीआर() तयार आहे. स्वतः लिहायचंच असेल तर क्रम सांभाळा. आधी इन्स्टन्सचा रेफरन्स सोडायचा, मग ट्रेस_इव्हेंट_फाइलचा, कारण इन्स्टन्सचा पत्ता त्याच स्ट्रक्चरमधून वाचायचाय. उलटं केलं तर शेवटचा रेफरन्स आपणच सोडलेला असू शकतो आणि पुढची ओळ मोकळ्या मेमरीत.

सावकाश

एवढं सगळं कशाला? इव्हेंट काढताना त्याच्या सगळ्या फाइलींच्या इनोडमधला आय_प्रायव्हेट नल करून टाकायचा, वाचणाऱ्याने नल बघून परत जायचं. जुन्या कर्नलमध्ये असंच होतं आणि बरीच वर्षं चाललं.

कडीकोयंडा

@सावकाश, होतं खरं. रिमूव्ह_इव्हेंट_फाइल_डिर() डिरेक्टरीतल्या प्रत्येक डेंट्रीवरून फिरून इनोडचा आय_प्रायव्हेट नल करायचं. त्या वेळी बूटच्या वेळीच सगळ्या फाइलींचे इनोड आणि डेंट्री बनवून ठेवलेले असायचे, म्हणून फिरायला यादी होती. प्रत्येक इन्स्टन्समागे हजारो डेंट्री नुसत्या पडून राहायच्या. ती मेमरी वाचवायला इव्हेंटएफएस आलं. आता कुणी फाइल उघडायला गेलं तेव्हाच इनोड बनतो. आपण नल करत फिरत असतानाच दुसऱ्या सीपीयूवर नवा इनोड जुन्या पॉइंटरसह जन्माला येऊ शकतो. म्हणून "गेलं" ही खूण इनोडवर न ठेवता स्ट्रक्चरवर ठेवली, आणि ती बघता यावी म्हणून स्ट्रक्चर टिकवलं. इव्हेंट_फाइल_फाइल() मध्ये नलची तपासणी अजून आहे, पण भरवसा फ्लॅगवर.

निरगाठ

खूप स्पष्ट झालं, आभार. उंबरठा यांचे मुद्दे जसेच्या तसे रिव्ह्यूत टाकले. लेखकाने दोन प्रश्न परत विचारलेत.

पहिला: काउंटर रिमूव्हमध्ये मोकळे न करता शेवटचा रेफरन्स सुटताना, म्हणजे इव्हेंट_फाइल_पुट() मध्ये मोकळे केले तर म्युटेक्स लागणार नाही ना?

दुसरा: वाचल्यावर आपोआप शून्य करण्यात काय वावगं? आमच्या मॉनिटरिंग एजंटला तेच सोयीचं आहे.

खडा_पहारा

पहिल्याचं उत्तर: काउंटरपुरतं हो. शेवटच्या पुटमध्ये मोकळी होणारी गोष्ट रेफरन्स हातात असेपर्यंत बिनधास्त वाचा. रिमूव्हमध्ये मोकळी होणारी गोष्ट म्युटेक्स घेऊन, फ्लॅग बघूनच वाचा. प्रत्येक फील्ड या दोनपैकी कुठल्या गटात बसतं हे ठरवून स्ट्रक्चरमध्ये कॉमेंट लिहायला सांगा. पण शो पहिल्या ओळीत इव्हेंटचं नाव छापतं, ते इव्हेंट_कॉलमधून येतं आणि ते पहिल्या गटात कधीच येणार नाही. नाव काढून टाका. पाथमध्ये ते आहेच. तरीही म्युटेक्स ठेवा असंच मी म्हणेन: पुसलेल्या इव्हेंटचे गोठलेले आकडे दाखवण्यापेक्षा ईनोडेव्ह बरा. बाकी सगळ्या फाइली तेच देतात.

मोकळं करण्याची जागा बदलली तरी एक अट राहते. काउंटर वाढवणारा कोड इव्हेंट लागतो तिथे, म्युटेक्सशिवाय चालतो. इव्हेंट बंद करून ट्रेसपॉइंट_सिंक्रोनाइझ_अनरजिस्टर() ने चालू असलेले प्रोब संपेपर्यंत थांबल्याशिवाय काउंटर जाता कामा नयेत. इन्स्टन्स पुसण्याच्या वाटेत ते आधीच आहे; चालू केप्रोब पुसायला गेलात तर ईबिझी ('वापरात आहे' ही एरर) मिळतो. नवीन वाट काढली नसेल तर प्रश्न नाही, पण पॅचमध्ये तसं लिहून घ्या.

दुसऱ्याचं उत्तर: वाचून पुसणं काढायला लावा. सीक_फाइल सुरुवातीला एका पेजचा, बहुतेक मशीनवर ४,०९६ बाइटचा बफर घेते. शोचं आउटपुट त्यात मावलं नाही तर बफर टाकून देते, दुप्पट आकाराचा घेते आणि शो पुन्हा पहिल्यापासून चालवते. एक ओळ साधारण २० बाइट धरली तर २५६ सीपीयूंना ५,१२० बाइट लागतात. पहिल्या फेरीत आकडे छापून पुसले, छापलेलं फेकलं, दुसऱ्या फेरीत सगळीकडे शून्य. ८ सीपीयूंच्या मशीनवर हे कधीच दिसणार नाही आणि मोठ्या सर्व्हरवर दर वेळी दिसेल. याशिवाय दोन एजंट एकच फाइल वाचत असतील तर प्रत्येकाला अर्धवट आकडे मिळतील. शो कितीही वेळा चालला तरी परिणाम एकच राहिला पाहिजे. एजंटला फरक हवा असेल तर मागचा आकडा त्याने स्वतःकडे ठेवावा.

आता कुणी न विचारलेलं. काउंटर इव्हेंट_क्रिएट_डिर() मध्ये अलोकेट होतात, ही यातली सगळ्यात वाईट चूक आहे. कर्नल कमांड लाइनवर ट्रेस_इव्हेंट= दिलं तर इव्हेंट बूटच्या सुरुवातीलाच चालू होतात; ट्रेसएफएसच्या डिरेक्टरी त्यानंतर बनतात. मधल्या काळात स्ट्रक्चर आहे, इव्हेंट लागतोय आणि काउंटरचा पॉइंटर नल आहे. पर-सीपीयू नल पॉइंटर वाढवला की साधा नल पॉइंटर करतो तसा क्रॅश होईलच असं नाही. प्रत्येक सीपीयूच्या पर-सीपीयू जागेच्या सुरुवातीला जे काही असेल ते वाढत राहतं. अलोकेशन ट्रेस_क्रिएट_न्यू_इव्हेंट() मध्ये न्या, जिथे स्ट्रक्चर स्वतः बनतं आणि रेफरन्स १ होतो. तिथे अलोकेशन फसलं तर स्ट्रक्चर यादीत घालायच्या आधी परत द्या.

मेमरीचाही हिशोब मागा. २,००० इव्हेंट धरले, २५६ सीपीयू, ८ बाइटचा काउंटर: प्रत्येक इन्स्टन्सला ४० लाख ९६ हजार बाइट, कुणी हिट्स उघडो वा न उघडो. इव्हेंटएफएसने जे वाचवलं त्यातला चांगलाच वाटा हा पॅच परत खातो.

आणि खरं सांगायचं तर काखेत कळसा आहे. हिस्ट ट्रिगर ४.७ पासून कर्नलमध्ये आहेत. इव्हेंटच्या ट्रिगर फाइलीत 'हिस्ट:कीज=कॉमन_सीपीयू' लिहा, हिस्ट फाइल वाचा, सीपीयूनिहाय हिटकाउंट समोर. शून्य करायला तीच ओळ शेवटी ':क्लिअर' लावून लिहायची. फक्त दोन बाणांनी (>>) जोडून लिहा. एका बाणाने लिहिलं तर फाइल ट्रंकेट होते आणि त्या इव्हेंटचे आधीचे सगळे हिस्ट ट्रिगर उडतात. इव्हेंट इनेबल करायचीही गरज नाही. ट्रिगर असला की तो सॉफ्ट मोडमध्ये चालतो: ट्रेसपॉइंट लागतो, मोजणी होते, रिंग बफरमध्ये काही जात नाही. हिस्ट ट्रिगरचं कॉन्फिग बंद असलेल्या कर्नलसाठीच हा पॅच असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते कारण कमिट मेसेजमध्ये दिसायला हवं.

उंबरठा

हिस्टचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तरीही पॅच पुढे न्यायचा ठरला तर या चाचण्या झाल्याशिवाय हो म्हणू नका.

पहिली, जिवंत डिस्क्रिप्टरची. केप्रोब_इव्हेंट्समध्ये शेड्यूल फंक्शनवर एक केप्रोब लिहा, इनेबल करू नका. शेलच्या एक्झेकने त्याची हिट्स फाइल डिस्क्रिप्टर ५ वर वाचायला उघडा. केप्रोब_इव्हेंट्स रिकामी करा. आता डिस्क्रिप्टर ५ वरून कॅट करा. "नो सच डिव्हाइस" आलं तर बरोबर. आकडे आले तर फ्लॅगची तपासणी नाही, मग केसॅन गप्प असला तरी. मग डिस्क्रिप्टर बंद करा आणि डीमेसेज बघा. रेफरन्स एकदा जास्त सुटला असेल तर रेफकाउंटची वॉर्निंग इथेच येते.

दुसरी, इन्स्टन्सची, आणि ही सगळ्यात स्वस्त. इन्स्टन्सेसमध्ये एक डिरेक्टरी बनवा, तिच्यातल्या कुठल्याही इव्हेंटची हिट्स उघडी ठेवा, डिरेक्टरी पुसायला जा. ईबिझी यायला हवा. पुसली गेली तर ओपनने इन्स्टन्सचा रेफरन्स घेतलेला नाही. डिस्क्रिप्टर बंद करून पुन्हा पुसा. आताही ईबिझी येत असेल तर रिलीज तो रेफरन्स सोडत नाहीये आणि ती डिरेक्टरी रीबूटपर्यंत तुमच्याबरोबर राहणार.

तिसरी, शर्यतीची. एका कन्सोलवर केप्रोब बनवणं-पुसणं अखंड, दुसऱ्यावर हिट्स वाचणं, तिसऱ्यावर त्यात ० लिहिणं. केसॅन आणि प्रूव्ह_लॉकिंग (लॉकडेप चालू करणारं कॉन्फिग) दोन्ही चालू ठेवून रात्रभर. लॉकडेप हवाच, कारण आणखी एक क्रम आहे: इव्हेंट_म्युटेक्स बाहेर, ट्रेस_टाइप्स_लॉक आत. इन्स्टन्स पुसण्याच्या वाटेत याच क्रमाने दोन्ही घेतले जातात, आणि इन्स्टन्सचा रेफरन्स घेणं-सोडणं आतून ट्रेस_टाइप्स_लॉक घेतं. लेखकाने कुठे उलटा क्रम केला तर प्रत्यक्ष अडकण्याची वाट न बघता लॉकडेप सांगेल.

शेवटी टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स/एफट्रेस मधलं एफट्रेसटेस्ट पूर्ण चालवा. इन्स्टन्स-इव्हेंटची चाचणी त्यात आहे. इन्स्टन्स बनवत-पुसत असताना समांतर इव्हेंट चालू-बंद करते. आणि ट्रेस_इव्हेंट= कमांड लाइनवर देऊन एकदा बूट.

निरगाठ

दुसरी आवृत्ती आली. ओपन-रिलीज तयार फंक्शनवर नेलंय, अलोकेशन हलवलंय, वाचून पुसणं आणि नावाची ओळ काढलीय. उंबरठा यांची दुसरी चाचणी पहिल्या आवृत्तीवर लगेच नापास झाली: उघडी फाइल असताना डिरेक्टरी पुसली गेली. आता ईबिझी येतोय आणि बंद केल्यावर पुसली जातेय. हिस्टने काम भागतं का याची चर्चा टीममध्ये वेगळी चालू आहे.

एक शंका राहिली. एजंट दर सेकंदाला सगळ्या इव्हेंटच्या हिट्स वाचेल. प्रत्येक वेळी इव्हेंट_म्युटेक्स. एखादा वाचणारा हळू असेल, त्याच्या बफरला पेज फॉल्ट आला, तर बाकी सगळं ट्रेसिंग अडणार नाही का? लेखक म्हणतो ओपनमध्येच एकदा म्युटेक्स घ्यावा आणि रिलीजमध्ये सोडावा.

कडीकोयंडा

ओपनमध्ये घेऊन रिलीजपर्यंत धरणं तर मुळीच नाही. म्युटेक्स हातात घेऊन यूझर स्पेसमध्ये परत जाता येत नाही; लॉकडेप त्यावर लगेच तक्रार करतो, आणि कुणी फाइल उघडून झोपलं तर कुणालाच कुठलाच इव्हेंट चालू-बंद करता येणार नाही.

शोमध्ये घेतलेल्या म्युटेक्सला मात्र हळू वाचणाऱ्याची बाधा होत नाही. सीक_प्रिंटएफ() कर्नलच्या बफरमध्ये लिहितं. शो संपून म्युटेक्स सुटल्यावरच सीक_फाइल तो बफर वापरकर्त्याकडे कॉपी करते, म्हणजे पेज फॉल्ट आलाच तर म्युटेक्सच्या बाहेर येतो. राइटमध्ये आकडा आधी वाचून घ्यायचा तोही त्याचसाठी. २५६ ओळी छापण्याइतकाच वेळ तो अडकतो.

राहिली २,००० फाइली दर सेकंदाला वाचण्याची गोष्ट. त्यात म्युटेक्सपेक्षा ओपन-क्लोजचा खर्च जास्त आहे: प्रत्येक ओपनला इन्स्टन्सची यादी धुंडाळणं, दोन रेफरन्स, शिवाय डेंट्री कॅशमध्ये नसेल तर नवा इनोड. एजंटने फाइली उघड्या ठेवून प्रीड या सिस्टिम कॉलने ऑफसेट ० वरून पुन्हा पुन्हा वाचावं. शो दर वेळी नव्याने चालतो, ताजे आकडे मिळतात. फक्त एजंटला दोन गोष्टी शिकवा. ईनोडेव्ह आला की डिस्क्रिप्टर बंद करून ती फाइल यादीतून काढायची. आणि इन्स्टन्समधल्या फाइली अशा धरून ठेवल्या तर तो इन्स्टन्स पुसायला जाणाऱ्याला ईबिझी मिळेल, म्हणून एजंटला मुख्य इन्स्टन्सपुरतंच ठेवा.